दहा दिवसांत तीनशे दहा तास

माओरी पुराणकथा सांगते की न्यूझीलंडचं उत्तर बेट म्हणजे मावी नावाच्या वीरानं समुद्रातून ओढून काढलेला मासा. त्या माशाची शेपूट म्हणजे बेटाचं अगदी वरचं, निमुळतं टोक. ऑकलंडपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर, दोन समुद्रांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टीत काइताया नावाचं छोटं गाव आहे. वस्ती जेमतेम पाच-सहा हजारांची. गावात ‘ते हिकू मीडिया’ हे रेडिओ केंद्र आहे. त्याची मालकी सरकारची नाही, कुण्या उद्योगपतीचीही नाही. ते परिसरातल्या पाच माओरी जमातींचं सामाईक केंद्र आहे. न्गाती कुरी, ते आउपोउरी, न्गाई ताकोतो, ते रारावा आणि न्गाती काहू या त्या पाच जमाती.

2018 साली या केंद्रानं माओरी बोलणाऱ्यांना एक विनंती केली. फोन किंवा संगणक उघडा, पडद्यावर दिसेल ते माओरी वाक्य मोठ्यानं वाचा आणि पाठवून द्या. दहा दिवसांत सुमारे 2500 माणसांनी जवळपास दोन लाख वाक्यं वाचून पाठवली. सगळा आवाज मिळून 310 तास भरला.

या आकड्यांचं मोल कळायला थोडा हिशेब करावा लागतो. माणसाचं बोलणं ऐकून ते लिहून काढणारी यंत्रणा तयार करायची, तर तिला आधी शेकडो तासांचं बोलणं आणि त्या बोलण्याची बिनचूक लिखित प्रत अशी जोडी पुरवावी लागते. त्या जोड्यांवरून यंत्र कोणता ध्वनी कोणत्या अक्षराचा, हे शिकत जातं. इंग्रजीसारख्या भाषेत अशी सामग्री मुबलक असते. ध्वनिमुद्रित पुस्तकं असतात, संसदेची भाषणं असतात, उपशीर्षकांसकट चित्रफिती असतात. माओरीत यातलं फार थोडं होतं. 2018च्या जनगणनेत माओरीत बोलता येतं असं सांगणारे लोक होते सुमारे 1 लाख 86 हजार, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या चार टक्के. त्यातले अनेक जण मोठेपणी, वर्गात बसून भाषा शिकलेले. एवढ्या लहान समाजातून दहा दिवसांत 310 तास गोळा होणं ही मोठीच गोष्ट होती.

हे घडलं कसं, याचं उत्तर संगणकात शोधून सापडत नाही. ते दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

1840 साली 6 फेब्रुवारीला वायतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. कराराच्या माओरी मसुद्यात जमातींच्या सगळ्या ‘ताओंगा’ची, म्हणजे मौल्यवान ठेव्याची, हमी दिलेली होती. त्या काळात मिशनऱ्यांच्या शाळांत माओरीतूनच शिकवलं जात असे. पुढे वसाहतवाल्यांची संख्या वाढली, जमिनीवरून 1860च्या दशकात युद्धं झाली आणि 1867 साली ‘नेटिव्ह स्कूल्स’ कायदा आला. गावानं शाळेसाठी जमीन द्यायची, खर्चातही वाटा उचलायचा आणि शिक्षण इंग्रजीतून घ्यायचं, अशी ती व्यवस्था. मुलांना इंग्रजी यावं असं काही माओरी पुढाऱ्यांनाही वाटत होतं, हे नोंदवलं पाहिजे. पण इंग्रजी शिकवणं वेगळं आणि माओरी बोलल्याबद्दल पोराला फोडून काढणं वेगळं. सर जेम्स हेनारे हे माओरी बटालियनचं नेतृत्व केलेले, सन्मानित नेते. त्यांनी म्हातारपणी वायतांगी कराराचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे सांगितलं की शाळेच्या आवारात माओरी बोलले म्हणून त्यांना रानात वेल तोडून आणायला पाठवलं गेलं आणि मग त्याच वेलानं त्यांना मारलं गेलं.

मार खाल्लेल्या पिढीनं आपल्या मुलांशी माओरी बोलणं सोडलं. मुलांना मार बसू नये, नोकरी मिळावी, एवढीच त्यामागची इच्छा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबं खेड्यांतून शहरांकडे लोटली. तिथे शेजार इंग्रजी, कारखाना इंग्रजी, दूरचित्रवाणी इंग्रजी. शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी माओरी बोलू शकणाऱ्यांचं प्रमाण 1913 साली 90 टक्के होतं. 1953 साली ते 26 टक्क्यांवर आलं आणि 1975 साली पाच टक्क्यांच्याही खाली गेलं. साठ वर्षांत एक भाषा घराघरातून निघून गेली.

त्यानंतर जे झालं ते समजून घेतल्याशिवाय 2018चे दहा दिवस कळत नाहीत. 14 सप्टेंबर 1972 रोजी ‘न्गा तामातोआ’ या तरुणांच्या संघटनेनं आणि विद्यापीठातल्या भाषाप्रेमी विद्यार्थ्यांनी वेलिंग्टनच्या संसदेत एक अर्ज सादर केला. शाळांमध्ये माओरी शिकवा, एवढीच मागणी. त्यावर तीस हजारांहून अधिक सह्या होत्या. हाना ते हेमारा ही तरुणी त्या मोहिमेच्या अग्रभागी होती. दारोदार फिरून, एकेक सही मागून हा कागद तयार झाला होता. माओरी समाजानं भाषेसाठी एकत्र येऊन लहान-लहान वाटे गोळा करण्याची सवय तिथे लावून घेतली, असं म्हणता येईल.

दहा वर्षांनी, 1982 साली, वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू झालं. बालवाडीच ती, पण तिथे शिकवणारे आजी-आजोबा आणि भाषा फक्त माओरी. मधल्या पिढीची भाषा तुटली होती; म्हणून तिला वळसा घालून आजीकडून थेट नातवाकडे भाषा पोचवायची, हा विचार. पैसा थोडा होता, जागा मिळेल ती. तरी तीनच वर्षांत अशा तीनशेहून अधिक बालवाड्या उभ्या राहिल्या.

आणि 1984 साली एक प्रकरण टेलिफोन खात्यात घडलं. ऑकलंडच्या एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या नायडा ग्लॅविश फोन उचलल्यावर ‘किआ ओरा’ हे माओरी अभिवादन म्हणत. वरिष्ठांनी ठरीव इंग्रजी अभिवादनच वापरायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना त्या कामावरून हलवण्यात आलं. बातमी देशभर पसरली. लोक मुद्दाम एक्स्चेंजला फोन करून पलीकडच्या ऑपरेटरला ‘किआ ओरा’ म्हणू लागले. प्रकरण थेट पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांच्यापर्यंत गेलं आणि ग्लॅविश यांचा शब्द राहिला. तारेवरून कोणत्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये असा एका नोकरदार बाईनं सगळ्यांपुढे आणला.

पुढच्याच वर्षी हुईरांगी वाइकेरेपुरु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायतांगी न्यायाधिकरणाकडे दावा नेला: कराराच्या हमीत भाषा येते की नाही? 1986 साली न्यायाधिकरणानं निर्णय दिला की माओरी भाषा हा ठेवाच आहे आणि त्याचं रक्षण करणं राजसत्तेचं कर्तव्य आहे. 1987 साली माओरी देशाची अधिकृत भाषा झाली. हेनारे यांची ती साक्ष याच दाव्याच्या सुनावणीतली.

भाषा अधिकृत झाली तरी कानावर पडायला हवी. सरकारी रेडिओ आणि दूरचित्रवाणीची मालमत्ता हस्तांतरित करताना माओरी भाषेच्या रक्षणाचं काय, यावर पुढचा झगडा झाला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, पोचलं. 1993च्या अखेरीस दावा नेणारी ‘माओरी कौन्सिल’ ही संस्था तिथे हरली; मात्र भाषा जपण्याची जबाबदारी सरकारवर आहे, हे त्याच निकालात पक्कं झालं. त्याच वर्षी माओरी प्रसारणाला निधी देणारी संस्था कायद्यानं स्थापन झाली. जमातींची रेडिओ केंद्रं या झगड्याच्या काळात उभी राहत होती. काइतायाचं केंद्र त्यातलंच, 1990च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेलं.

केंद्राचं रोजचं काम साधं होतं. बातम्या, गाणी, निधनाच्या वार्ता आणि म्हाताऱ्यांच्या मुलाखती. गावात सभा असली की ध्वनिमुद्रक घेऊन कुणीतरी जायचं. कुठल्या ओढ्याला काय म्हणतात, कोणत्या महिन्यात कोणता मासा धरायचा, कोणत्या घराण्याचा कुणाशी काय संबंध, हे सगळं म्हातारी माणसं आपल्या बोलीत सांगायची. वीस-पंचवीस वर्षांत फितींचा मोठा साठा झाला. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या लोकांचे आवाज होते. इंग्रजीची सावली पडण्याआधीची माओरी या फितींत टिकून राहिली होती. केंद्राचे प्रमुख पीटर-लुकस जोन्स यांच्या आजीचा आवाजही त्यात आहे.

जोन्स याच परिसरातले, या जमातींचेच. त्यांच्या जोडीला आले केओनी माहेलोना. ते मूळचे हवाईचे आदिवासी. हवाईत 1893 साली राणीची सत्ता उलथवली गेली, 1896 साली शाळांमध्ये इंग्रजीची सक्ती झाली आणि तिथली भाषाही अशीच संपत आली होती. 1984 साली हवाईच्या लोकांनी माओरींच्या बालवाड्या पाहून तशाच बालवाड्या आपल्याकडे काढल्या. त्यामुळे माहेलोना काइतायाला परके नव्हते. तंत्रज्ञानाचं शिक्षण त्यांच्याकडे होतं. केंद्राचं संकेतस्थळ, प्रसारण आणि फितींचं डिजिटल रूपांतर हे त्यांनी हाती घेतलं.

इथे एक निर्णय झाला, आणि पुढचं सगळं त्या निर्णयातून आलं असं माझं मत आहे. हा साठा फुकटच्या व्हिडिओ-संकेतस्थळांवर चढवून मोकळं होणं सोपं होतं. जगभरच्या संस्था तेच करत होत्या. जोन्स आणि माहेलोना यांनी ते केलं नाही. आधी जाणत्या मंडळींशी बोलणी झाली: हे आवाज बाहेर जावेत का, गेले तर कुणाच्या हाती जावेत? त्यातून ठरलं की केंद्र स्वतःचं व्यासपीठ बांधेल आणि साठा स्वतःच्या ताब्यातल्या यंत्रांवर ठेवेल. खर्च वाढला, काम वाढलं, वेळही गेला. पण आवाज गावाच्या हातून सुटला नाही.

आता अडचण वेगळीच होती. हजारो तासांच्या फिती डिजिटल झाल्या, तरी त्यात काय आहे हे कळायला कुणीतरी बसून ऐकलंच पाहिजे. एखाद्या विद्यार्थ्याला एखाद्या खाडीविषयी आजोबा काय बोलले ते हवं असेल, तर तो शोधणार कुठे? लिहून काढणारी माणसं मोजकी. जुनी माओरी नीट समजणारी तर त्याहून मोजकी, आणि त्यांची वयं झालेली. बाजारातली यंत्रणा इंग्रजीसाठी घडवलेली. तिला माओरीतले ऱ्हस्व-दीर्घ स्वर वेगळे ओळखता येत नाहीत, आणि तिथे ऱ्हस्वाचा दीर्घ झाला की अर्थ बदलतो. म्हणजे माओरी ऐकून लिहिणारं यंत्र आपणच घडवायचं, याला पर्याय राहिला नाही. मोझिला या संस्थेनं ‘डीपस्पीच’ नावाची यंत्रणा सर्वांना खुली केली होती, तिचा आधार घेता येणार होता. वेलिंग्टनच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ या विदा-विज्ञानाच्या संस्थेचे जाणकार मदतीला होते. उणीव होती ती आवाजाची.

मग ‘कोरेरो माओरी’ ही मोहीम आखली गेली.

तिची रचना समाजाची नस ओळखणारी होती. माओरी समाजात माणूस एकटा क्वचित असतो. तो कुठल्यातरी नृत्य-गायन पथकात असतो, होडीच्या शर्यतीच्या चमूत असतो, माओरी माध्यमाच्या शाळेत असतो, आपल्या ‘मराए’वर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, काम करत असतो. मोहिमेनं या गटांनाच हाक दिली. गटानं नाव नोंदवायचं, गटातल्या प्रत्येकानं वाक्यं वाचायची आणि ज्या गटांची वाक्यं सर्वाधिक त्यांना बक्षीस. पथकाला प्रवासासाठी, शाळेला सामानासाठी पैसे लागतातच. स्पर्धा सुरू झाल्यावर शेजारचा गट किती पुढे गेला, हे जो तो पाहू लागला. ऐकून चुका टिपण्याचं कामही लोकांकडेच होतं. एकानं वाचलेलं वाक्य दुसऱ्यानं ऐकायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं.

सरासरी काढली तर माणशी ऐंशी वाक्यं येतात, वेळ साडेसात मिनिटांचा. एकेका माणसावर भार किती थोडा पडला ते यावरून दिसतं. 310 तास एकट्यानं वाचायचे तर रोज आठ तास बसून सुमारे सव्वा महिना लागेल. अडीच हजार माणसांत तेच काम चहा पिण्याच्या वेळात बसलं. आपल्याकडे गावची विहीर किंवा बंधारा श्रमदानातून उभा राहतो, तसाच हा प्रकार.

पण बक्षिसानं सगळं घडलं असं समजणं चूक ठरेल. आवाज मागणारे लोक कोण होते, याला महत्त्व आहे. परदेशी विद्यापीठानं किंवा मोठ्या कंपनीनं हीच विनंती केली असती, तर माओरी माणसानं आधी विचारलं असतं, कशाला? ज्या समाजाची जमीन कागदावर सह्या घेऊन गेली, त्याला सहज काही देऊन टाकणं जमत नाही. काइतायाचं केंद्र मात्र तीन दशकांच्या आसपास त्यांच्या घरात बोलत होतं. मयताची बातमी तेच देत होतं, आजोबांची मुलाखत त्यांनीच घेतली होती. शिवाय उद्देश सरळ होता: हे यंत्र आपल्याच म्हाताऱ्यांचं बोलणं आपल्या नातवंडांना वाचता यावं म्हणून आहे. लोकांनी विश्वास ठेवला कारण विश्वासाला जागलेलं केंद्र समोर होतं.

गोळा झालेल्या आवाजावर यंत्रणा शिकवली गेली. पहिल्या टप्प्यात ती 86 टक्के शब्द बरोबर लिहू लागली. पुढे सुधारत हे प्रमाण 92 टक्क्यांवर गेलं. 2019 सालानंतर न्यूझीलंड सरकारच्या विज्ञान-निधीतून सात वर्षांसाठी 1 कोटी 30 लाख डॉलरचं पाठबळ मिळालं आणि ‘पापा रेओ’ हा मोठा प्रकल्प उभा राहिला. उच्चार सुधारायला मदत करणारं ‘रोंगो’ हे ॲप त्यातूनच आलं. शिकणारा माणूस फोनवर बोलतो आणि यंत्र त्याचा उच्चार तपासतं. ज्यांच्या आई-वडिलांनी भाषा सोडली, त्या पिढीला चारचौघांत चुकण्याची फार लाज वाटते. फोनपुढे एकट्यानं सराव करता येणं हा त्यांच्यासाठी मोठा दिलासा आहे.

बाहेरच्यांचं लक्ष जायला वेळ लागला नाही. लायनब्रिज या अमेरिकन कंपनीनं आवाजासाठी तासाला 45 अमेरिकन डॉलर देऊ केले. 310 तासांचे होतात चौदा हजार डॉलरच्या आत. रक्कम लहान होती म्हणून केंद्रानं नाही म्हटलं असं नाही. त्यांचं म्हणणं असं की भाषा शाळेतून मार देऊन घालवली गेली. आता तीच भाषा गोळा करून, तिच्यावर सेवा बांधून, त्याच लोकांना परत विकली जाऊ नये. उत्पन्न व्हायचं असेल तर ते आधी माओरींच्या घरात यावं.

त्यासाठी त्यांनी वेगळा परवाना लिहिला. संगणकाच्या जगात ‘सर्वांसाठी खुलं’ हे तत्त्व उदार मानलं जातं आणि ते उदार आहेही. पण खुल्या ठेवलेल्या सामग्रीचा फायदा घ्यायला आधी मोठी यंत्रं, शिकलेले अभियंते आणि भांडवल लागतं. ते ज्यांच्याकडे आहे तेच खुल्या मैदानातून भरून नेतात. म्हणून ते हिकूनं राखणदारीचा परवाना केला. त्यात केंद्र आवाजाचं मालक नाही, राखणदार आहे. वापरायचं असेल त्यानं विचारावं, उद्देश सांगावा, आणि फायदा भाषेच्या लोकांकडे परत यावा. इतर जमातींना, पॅसिफिक बेटांवरच्या भाषांना आणि हवाईच्या लोकांना मदत करायला केंद्र तयार आहे.

सगळं त्यांच्या मनासारखं झालं असं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये ओपन एआय कंपनीनं ‘व्हिस्पर’ ही बोलणं लिहून काढणारी यंत्रणा प्रसिद्ध केली. इंटरनेटवरून गोळा केलेल्या 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर ती शिकवलेली होती. कंपनीच्याच तक्त्यात माओरीच्या नावापुढे तेराशेहून अधिक तास होते. ते कुणाचे आवाज, कुणाच्या परवानगीनं घेतले, हे तिथे नव्हतं. ते हिकूच्या मंडळींनी जाहीर आक्षेप घेतला आणि ही वसाहतीचीच पुढची पायरी असल्याचं सांगितलं. त्यांचा स्वतःचा साठा कुलपात होता. बाकीचं माओरी बोलणं, दूरचित्रवाणीपासून शाळेच्या चित्रफितींपर्यंत, इंटरनेटवर सगळ्यांसमोर होतं. एका लहान केंद्राला तेवढं सगळं राखता येणं शक्य नाही. कामाची दखल मात्र घेतली गेली: 2024 साली ‘टाइम’ नियतकालिकानं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातल्या शंभर प्रभावी माणसांची यादी केली. त्यात पीटर-लुकस जोन्स यांचं नाव आलं.

न्यूझीलंड सरकारचं उद्दिष्ट आहे की 2040 सालापर्यंत दहा लाख लोकांना माओरीतून निदान साधं बोलता यावं. यंत्रं त्याला हातभार लावतील, पण घरात बोलणारी आई लागतेच, हे काइतायातल्या लोकांना कुणी सांगायची गरज नाही. त्यांचं रेडिओ केंद्र रोज सकाळी तेच काम करतं.

मराठी वाचकाला हे लांबचं वाटेल. मराठी बोलणारे 2011च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जाही दिला. पण आवाज गोळा करण्याचं काम आपल्याकडेही चालू आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ग्रामीण भागातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांकडून मराठी वाचून घेतलं. 36 जणांकडून 109 तास मिळाले, आणि गरीब वस्तीतल्या लोकांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. त्या लोकांना कामाचे पैसे दिले गेले, ही चांगली गोष्ट. 2022 सालापासून केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ या नावानं कुणालाही आपला आवाज देता येतो. यात मराठी आहे. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातल्या कोरकू, कोलामी, कातकरी या भाषांची गोष्ट वेगळी; त्या बोलणारे मराठीच्या मानानं फार थोडे आणि पाठीशी राज्य नाही. काइतायाचा धडा आधी त्या भाषा बोलणाऱ्यांच्या कामाचा आहे.

आपल्याकडे असं राखून केलेलं एक काम आहे आणि त्याची पुरेशी ओळख महाराष्ट्राला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावोगावच्या कार्यकर्त्या बायका आपल्याच आया-आत्यांकडून ओव्या उतरवून घेत. अकराशेहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेकांचं ध्वनिमुद्रण केलं. 2017 सालापासून ‘पारी’ ही ग्रामीण भारताचा संग्रह करणारी संस्था त्या ओव्या वाचकांपुढे आणते आहे. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं.

अशा फिती महाराष्ट्रात आणखी पुष्कळ असतील. लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या कपाटात, सामुदायिक रेडिओच्या केंद्रांत, आश्रमशाळेतल्या एखाद्या हौशी शिक्षकाकडे, भजनी मंडळात. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी फीत खराब होण्याआधी तिचं डिजिटल रूपांतर करून घ्यावं. आवाज कुणाचा, गाव कोणतं, साल कोणतं हे आधी लिहून ठेवावं. आणि कुणी तो साठा मागायला आलं, तर ज्या गावाचा आवाज आहे त्या गावाला विचारून, लेखी अटी घालूनच द्यावा.